नर की मादी? सात वर्षांनी कळवतो

"झाड नर आहे की मादी हे शोधायला सरकार पैसे देतं?" हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीनदा ऐकलं. एकदा लग्नाच्या पंगतीत, एकदा घरच्या व्हॉट्सॲप गटावर (सोबत हसून लोळणारे चार चेहरे), आणि एकदा एका ब्लॉगमित्राच्या लेखात, जो एरवी मी आवडीने वाचते. तिघांचाही सूर एकच. देशात शेतकरी मरतोय आणि हे शास्त्रज्ञ पपईच्या लंगोटात डोकावतायत.

विनोद बरा आहे. पण त्यामागचा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत कुणीतरी रोज मोजतंय. म्हणून आज जरा भांडायचं ठरवलंय. नातेवाईक मंडळी हे वाचणार आहेतच, त्यांनी रागावू नये. रागावलात तरी दिवाळीला येणारच आहे मी :)

आधी एक गोष्ट. आपल्या बागेतली बहुतेक झाडं या बाबतीत सोपी असतात. आंबा, पेरू, चिकू, लिंबू, कुठलंही लावा, झाड वाढलं की फळ धरतं. पण काही मोजकी झाडं माणसांसारखी आहेत, नर वेगळा आणि मादी वेगळी. पपईच्या बऱ्याच जाती, जायफळ, कोकम, खजूर, पावसाळ्यात आपण चवीने खातो ती करटोली, ही सगळी त्यातली. नराला फुलं येतात, परागकण येतात, फळ येत नाही. थोडे नर लागतातच, जायफळात साधारण दहा माद्यांमागे एक पुरतो. पण बी पेरलं तर निसर्ग दहाला एक देत नाही, तो जवळजवळ निम्मे नर देतो. आणि रोपाकडे बघून काही म्हणता काही कळत नाही.

पपईला फूल येईपर्यंत चार ते सहा महिने. जायफळाला सहा ते आठ वर्षं. कोकमाचंही साधारण तसंच.

आता हे आकडे हसण्याआधी पुन्हा वाचा. सात वर्षं म्हणजे मूल पहिलीत जातं तेवढा काळ. तेवढा काळ एका झाडाला पाणी, शेणखत, आळं, गड्याची मजुरी द्यायची, माडापोफळीच्या बागेतली एक मोक्याची जागा द्यायची, आणि मग एके दिवशी झुपक्याने फुलं आली की समजायचं, हा नर. (जायफळाच्या नराला फुलं झुपक्यात येतात, मादीला एकटीदुकटी. म्हणजे फुलं भरभरून आली की दुःख करायचं, हा अजब हिशेब.)

आमच्या भाऊकाकांची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात आहे. २०११ साली त्यांनी एका रोपवाटिकेतून जायफळाची चोवीस रोपं आणली. बियांची रोपं. विकणाऱ्याने पानं हातात धरून, शिरा बघून, "सगळ्या माद्या, गॅरंटी" असं सांगितलं. शिरांचा कोन असा असला की मादी, पान निमुळतं असलं की नर, असं काहीसं त्याचं शास्त्र. २०१८ साली फुलं आली. दोन रोपं मधल्या काळात मेली होती. उरलेल्या बावीसात तेरा नर निघाले. काका त्या माणसाकडे गेले, तर तो म्हणाला, "काका, झाडाच्या पोटातलं आपल्याला कसं कळणार?"

बघा, गॅरंटी देताना कळत होतं!

भाऊकाकांना नऊ माद्यांसाठी एक नर पुरला असता. म्हणजे बारा झाडं सात वर्षं फुकट पोसली. नाणं बारा वेळा उडवून जे कळलं असतं तेच त्या पानांच्या शिरांनी सांगितलं, फक्त पैसे घेऊन. आणि ही काही जगावेगळी गोष्ट नाही. कोकणात जायफळ लावलेल्या कुठल्याही घरी विचारा, असा एक किस्सा तुम्हाला चहाबरोबर मिळेल. आपल्याकडे याला फसवणूक म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. माझं भांडण इथून सुरू होतं. पन्नास टक्के शक्यतेची वस्तू शंभर टक्के भावाने विकायची आणि धोका सगळा घेणाऱ्याच्या गळ्यात मारायचा, याला दुसऱ्या कुठल्या व्यापारात नशीब म्हणतात?

मग संशोधनाचा संबंध काय, तर तो असा.

पपईत काय होतं ते बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि ते ऐकण्यासारखं आहे. पपईची झाडं तीन प्रकारची असतात. मादी, नर आणि तिसरं उभयलिंगी, ज्याच्या फुलात दोन्ही असतं. बाजारात आपण जी लांबट, जाड गराची पपई पसंत करतो ती उभयलिंगी झाडाची. मादीचं फळ गोलसर, आत पोकळी मोठी. १९३८ च्या सुमारास हवाईत स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर या दोघांनी स्वतंत्रपणे याचं गणित मांडलं. २००४ साली हवाईतल्या गटाने दाखवलं की पपईत चक्क माणसासारखे एक्स आणि वाय आहेत. पण वाय अगदी नवखा, उत्क्रांतीच्या हिशेबाने कालपरवाचा. दोन एक्स म्हणजे मादी, एक्स आणि वाय म्हणजे नर, एक्स आणि वायचा जरा बदललेला भाऊ म्हणजे उभयलिंगी. आणि दोन्ही वाय एकत्र आले तर गर्भच मरतो.

या शेवटच्या वाक्यात शेतकऱ्याची सगळी डोकेदुखी आहे. उभयलिंगी झाडाचं बी स्वपरागातून धरलं तर चारातला एक गर्भ मरतो, उरलेल्या तिनात दोन उभयलिंगी आणि एक मादी. म्हणजे कितीही शुद्ध बी धरा, हवं ते झाड तीनात दोनदाच येणार, कधीच तीनात तीनदा येणार नाही. म्हणून हवाईतले शेतकरी एका खड्ड्यात तीन किंवा जास्त रोपं लावत आले, फुलं आली की एक ठेवायचं आणि बाकी उपटायची. तीन लावली तर तिन्ही माद्या निघण्याची शक्यता सत्तावीसात एक. आपल्याकडे नर-मादी वेगळ्या असणाऱ्या जातींतही हीच रीत. तिथे निम्मे निम्मे, तर तिन्ही नर निघायची शक्यता आठात एक, आणि परागासाठी तेवढे नर लागतातच, त्यामुळे गणित गमतीने बसतं. एकरात हजार खड्डे धरले तर तीन हजार रोपं लावायची आणि दोन हजार उपटून टाकायची. चार-पाच महिने पाणी, खत खाऊन झाल्यावर.

आणि आता पुणेकरांनी ऐकावं. पपईचं रोप लहान असतानाच त्याचं लिंग सांगणारी खात्रीची चाचणी जगात ज्या थोड्या ठिकाणी तयार झाली, त्यातलं एक ठिकाण पाषाण रस्त्यावर आहे. एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली पपईच्या डीएनएतला नर-मादीत वेगळा दिसणारा तुकडा दाखवला आणि २००० साली त्यावरून रोपांची घाऊक चाचणी करता येईल अशी पीसीआर पद्धत प्रसिद्ध केली. पीसीआर म्हणजे २०२० साली आपल्या सगळ्यांच्या नाकात जी काडी गेली ना, तिच्यामागचं तंत्र. पानाचा छोटा तुकडा पुरतो.

म्हणजे "हे लोक करतात काय" असं विचारणाऱ्या पुण्यातल्या माझ्या मंडळींना उत्तर असं, की त्यांनी ते पंचवीस वर्षांपूर्वी, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर केलं. तुम्हाला कळलं नाही.

इथे दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायला हवं. ते म्हणजे "जनुक सापडला, आता उत्पन्न दुप्पट" छापाच्या बातम्या लिहिणारे. लिंग ठरवणारा जनुक सापडल्याने एकही फळ मोठं होत नाही. एकही झाड जास्त फळं देत नाही. फायदा आहे तो रिकाम्या झाडांचा खर्च वाचण्यात आणि वाट बघायची वर्षं कमी होण्यात. तो मोठा आहे, पण शेतावर हिशेब मांडल्याशिवाय तो दिसत नाही. आणि पपईपुरता हिशेब असा, की रोपाची किंमत काही रुपये असते, त्या मानाने प्रयोगशाळेतली चाचणी महाग पडते. तीन रोपं लावून दोन उपटणं त्याहून स्वस्त. त्यामुळे पपईचा शेतकरी चाचणी मागत नाही हे शहाणपणाचंच आहे. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी कागद-पेन्सिल घ्यावी.

मग पपईतलं पुढचं संशोधन वाया का? मुळीच नाही. खरं बक्षीस चाचणी नाही, खरं बक्षीस म्हणजे चाचणीची गरजच संपवणं. मारणारा जनुक आणि उभयलिंगी करणारा जनुक हे वेगळे करता आले, तर असं बी तयार करता येईल की प्रत्येक रोप उभयलिंगीच निघेल. खड्ड्यात एक रोप, उपटाउपटी नाही. त्यासाठी वायचा तो भाग अक्षर अक्षर वाचावा लागतो. ते काम चालू आहे, आणि ज्याला पंगतीत हसतात ते हेच.

काकडीचं उदाहरण घ्या. काकडीवर्गात एकाच वेलावर नर आणि मादी फुलं असतात आणि आधी नुसते नरच येत राहतात. वेल दोन-चार पानांवर असताना इथ्रेल फवारलं की मादी फुलं वाढतात, हे आपल्याकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्याला माहीत आहे. इथ्रेलमधून इथिलीन सुटतं, तोच वायू जो केळी पिकवतो. पुढे २००८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी खरबुजात दाखवलं, की फुलातच इथिलीन बनवायला लावणारा एक जनुक पुंकेसर वाढू देत नाही आणि म्हणून फूल मादी होतं. पॉलीहाऊसमधली जी बिनबियांची काकडी तुम्ही सॅलडमध्ये खाता, ती बहुतेक मादी फुलंच धरणाऱ्या वाणाची असते. हे सगळं झाडाचं लिंगसंशोधनच आहे. पण जिथे ते शेतात पोचलं तिथे त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही, फक्त फवारणी म्हणतात.

आणि "हायब्रीड" ज्वारी? आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा होता, भाकरी गोड लागत नाही म्हणून. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकर १९६४ साली आला, आणि तो शक्य झाला कारण परागच न धरणारी, म्हणजे नरपण हरवलेली ज्वारीची ओळ हाती आली होती. ज्वारीच्या कणसात दोन्ही लिंगं एकाच फुलात, हाताने पुंकेसर काढत बसलात तर एक पोतं बी व्हायला जन्म जाईल. ते कष्ट त्या नपुंसक ओळीने वाचवले. चवीबद्दल आजीशी वाद नाही. पण १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्या घरांनी तरी हे संशोधन फालतू होतं असं म्हणू नये.

आता आक्षेप. पहिला, आणि सगळ्यात सशक्त: "कलमं लावा ना!" बरोबर आहे. मादी झाडाची काडी घेऊन कलम केलं की झाड मादीच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाची कोकण सुगंधा, कोकमाची कोकण अमृता अशा जाती देऊन हा प्रश्न लागवडीपुरता सोडवलेला आहे. जायफळात एकाच झाडावर नर-मादी दोन्ही फुलं येणारी कोकण संयुक्ताही आहे. ज्यांना परवडतं त्यांनी डोळे झाकून कलमंच लावावीत, बियांचं रोप कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये.

पण इथेच थांबलं की माझं भांडण पुन्हा सुरू होतं. सगळी कलमं एकाच आईची म्हणजे सगळी वाडी एकाच झाडाची नक्कल. यात काय धोका असतो ते बाजरीला विचारा. एचबी-१ हा बाजरीचा संकर १९६५ साली आला, लोकांनी डोक्यावर घेतला. त्याची आणि त्याच्या पाठच्या भावंडांची मादी ओळ एकच, टिफ्ट २३-ए. केवडा रोग आला तो सगळ्यांना एकदम घेऊन गेला. अमेरिकेत १९७० साली मक्याचं तेच झालं, तिथेही बियाणं करायला सोयीची म्हणून एकच नपुंसक ओळ सगळीकडे वापरलेली, करप्याने एका हंगामात देशाचा सुमारे पंधरा टक्के मका नेला. म्हणजे नव्या जाती सतत लागतात. आणि नवी जात कलमातून येत नाही, ती बियांतूनच शोधावी लागते.

आता समजा दापोलीत कुणी तरुण मुलगी जायफळाची नवी जात शोधायला बसली. हजार बिया लावल्या. कुठल्या झाडाचं फळ चांगलं हे बघायचं तर माद्या हव्यात, पण त्या कुठल्या ते सातव्या वर्षी कळणार. तोवर हजार झाडांना जमीन द्या. पाचशे नर उगाच. बरं, तिला चांगला नर निवडायचा तर तेही सातव्या वर्षीच. पहिल्या महिन्यात पानाच्या तुकड्यावरून लिंग कळलं तर निम्म्या जमिनीत तेच काम होतं, किंवा तेवढ्याच जमिनीत दुप्पट माद्या तपासता येतात. सात वर्षांच्या खर्चापुढे एका चाचणीचा खर्च किरकोळ आहे. म्हणजे पपईच्या बरोबर उलट! जिथे वाट चार महिन्यांची, त्या झाडावर जगभर काम झालं, आणि जिथे वाट सात वर्षांची, तिथे रोपवाटिकेत अजून पानाच्या शिरा बघतात. पपईचं पीक जगभर आहे, हवाईत आहे, तैवानात बियाणे कंपन्या आहेत. खजुरामागे आखाती पैसा आहे, त्याचे लिंग ठरवणारे जनुक २०१८ सालीच हाताला लागले. कोकम मात्र फक्त आपल्या सह्याद्रीच्या कुशीत. रातांब्याचं लिंग शोधायला कॅलिफोर्नियातून कुणी येणार नाही. आपण हसत बसलो तर ते काम कुणीच करणार नाही, इतकं साधं आहे हे.

दुसरा आक्षेप, "निसर्गाच्या कामात ढवळाढवळ". हा मला व्हॉट्सॲप गटावर मिळाला, सुविचाराच्या फुलांच्या चित्रासह. ज्या उभयलिंगी पपईच्या फोडी तुम्ही लिंबू पिळून खाता, ती निसर्गात नव्हतीच म्हणा ना. तिचा वाय जंगली नराच्या वायपासून साधारण चार हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला असं २०१५ साली डीएनएवरून दाखवलं गेलं, आणि मध्य अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनीच ती निवडून सांभाळली असावी असा त्याचा अर्थ लावतात. मेसोपोटेमियात हजारो वर्षांपूर्वी माणसं खजुराच्या शेंड्यावर चढून नराचा पराग हाताने मादीला लावत होती. ढवळाढवळ जुनी आहे.

तिसरा आक्षेप कुणी मोठ्याने घेत नाही, पण हसण्यामागे तोच असतो. "लिंगनिदान" हा शब्द. ज्या महाराष्ट्राला १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करावा लागला, त्याला हा शब्द टोचणार हे मी समजू शकते. गंमत इतकीच, की वाडीत सगळ्यांना मुलगी हवी असते. (ॲस्परॅगस हा त्याला अपवाद. तिथे फळं धरण्यात शक्ती न घालवणारे नर जास्त कोंब देतात, म्हणून युरोपात सगळे नरच निघतील असं बियाणं करतात.) शब्द टोचत असेल तर दुसरा काढू, पण त्या लाजेपायी संशोधनाचे पैसे तोडू नका.

तर माझी मागणी दोन ओळींची आहे. विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी जायफळ, कोकम आणि करटोली या तीन आपल्या पिकांसाठी कोवळ्या रोपाची चाचणी रोपवाटिकेच्या दारापर्यंत आणावी, शोधनिबंधापाशी थांबू नये. आणि रोपं विकणाऱ्यांनी बिलावर लिहावं: कलम की बियांचं, कलम असेल तर जात कोणती, बियांचं असेल तर "लिंग माहीत नाही". शेवटचे तीन शब्द लिहायला शाई फार लागत नाही, पण ते लिहिले की बियांच्या रोपाचा भाव आपोआप जागेवर येईल, म्हणून तर कुणी लिहीत नाही.

जून आला की पिशवीतली रोपं घेऊन गाड्या पुन्हा गावोगाव फिरतील. गावी जाणार असाल तर घेण्याआधी विचारा, आणि मिळेल ते उत्तर सहीसकट लिहून मागा. तो लिहून देतो की गाडी पुढे नेतो ते मला जरूर कळवा.